फाशीची हेडलाईन झाली, पुढे हायकोर्टात काय होतं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात (तुमच्याच असं नाही, सगळ्याच पेपरात) सेशन्स कोर्टाने फाशी सुनावली की पहिल्या पानावर मोठी हेडलाईन येते, कोर्टाबाहेर पेढे वाटतानाचा फोटो येतो, सरकारी वकिलांचे दोन शब्द येतात आणि विषय तिथे संपतो. वाचणाऱ्याला वाटतं झालं, आता महिन्या-दोन महिन्यात येरवड्याला नाहीतर नागपूरला दोर. मी सातारा जिल्ह्यातला वकील आहे, क्रिमिनल अपिलांचं काम करतो, त्यातलं बरंचसं विधी सेवा समितीच्या पॅनेलवरचं, म्हणजे ज्या आरोपीकडे वकील लावायला पैसे नाहीत त्यांचं. त्यामुळे त्या हेडलाईननंतर काय सुरू होतं ते रोजच्या कामात बघायला मिळतं आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी कायदा सांगतो कारण तो बऱ्याच शिकलेल्या लोकांनासुद्धा माहीत नसतो. सेशन्स कोर्टाने फाशी दिली तरी ती हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही. आरोपीने अपील केलं नाही, तो म्हणाला मला फाशी मान्य आहे, तरीसुद्धा सेशन्स कोर्टाला सगळे कागद हायकोर्टाकडे पाठवावेच लागतात. जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) हे कलम 366 होतं, 1 जुलै 2024 पासून नवीन बीएनएसएस (नागरिक सुरक्षा संहिता) आलं त्यात ते 407 झालंय, बाकी मजकूर तोच. आमच्या भाषेत याला कन्फर्मेशन केस म्हणतात. ती किमान दोन न्यायमूर्तींच्या बेंचनेच ऐकायची, आणि ऐकायची म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल बरोबर वाटतो का एवढंच बघून सही करायची असं नाही, सगळा पुरावा पहिल्यापासून स्वतः वाचून स्वतःचं मत बनवायचं, प्रत्येक साक्षीदार, प्रत्येक पंचनामा, केमिकल अ‍ॅनालायझरचा रिपोर्ट, डीएनए, सीडीआर (मोबाईलच्या कॉलची यादी), सगळं. आरोपीच्या वकिलाने एखादा मुद्दा काढला नाही तरी कोर्टाने तो स्वतः बघायचा. गरज वाटली तर जादा पुरावा घ्यायचा अधिकारसुद्धा हायकोर्टाला आहे. थोडक्यात साक्षीदार समोर उभा नसलेला तोच खटला पुन्हा चालतो, आणि तसंच असायला पाहिजे, माणसाचा जीव जाणार आहे.

आता हे वाचन काय असतं ते बघा. साक्षी तालुक्या-जिल्ह्याच्या कोर्टात मराठीत होतात, फिर्याद मराठीत, पंचनामे मराठीत, आणि हायकोर्टाचं काम इंग्रजीत. म्हणजे आधी सगळ्याचं भाषांतर, मग टायपिंग, मग तपासणी, मग पेपरबुक (केसच्या सगळ्या कागदांचं एकत्र पुस्तक) बांधायचं, त्याच्या कॉप्या काढायच्या, बेंचला, सरकारी वकिलांना, आरोपीच्या वकिलाला द्यायच्या. साध्या खुनाच्या केसमध्ये 12-15 साक्षीदार असले तरी पेपरबुक चार-पाचशे पानांचं होतं, मोठ्या केसमध्ये ते कपाटात मावत नाही. आणि त्यात काय काय निघतं! मी स्वतः हाताळलेल्या एका अपिलात घटनास्थळाच्या पंचनाम्याची झेरॉक्स अशी काढलेली की डाव्या बाजूचा समास कापला गेला होता, प्रत्येक ओळीची पहिली दोन-तीन अक्षरं गायब. हवालदाराचं घाईचं अक्षर, त्यात बॉलपेनची शाई पुसट, आणि नेमकं त्याच पानावर चाकू घराच्या आत सापडला की अंगणात ते लिहिलेलं. भाषांतर करणाऱ्याने बिचाऱ्याने तिथे 'अवाचनीय' असं लिहून पुढचं पान घेतलं होतं, त्याची तरी काय चूक. मग ओरिजिनल मागवा, जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममधून गठ्ठा शोधा, शिपाई पाठवा, आणि तोपर्यंत मॅटर बोर्डावरून (त्या दिवशीच्या केसच्या यादीवरून) खाली. एका पानासाठी. जन्मठेपेच्या अपिलात हे होतं तेव्हा कुणी फार ओरडत नाही, पण फाशीच्या केसमध्ये असं एकही पान अर्धवट सोडून चालत नाही.

आणि हे सगळं करणारं बेंच रिकामं बसलेलं नसतं. मुंबई हायकोर्टात क्रिमिनलच्या डिव्हिजन बेंचचा (दोन न्यायमूर्तींच्या बेंचचा) बोर्ड कधी बघा, वेबसाईटवर रोज टाकतात. एफआयआर रद्द करा म्हणून अर्ज, एमपीडीएखालच्या (गुंडांना खटल्याशिवाय आत ठेवायचा कायदा) स्थानबद्धतेला आव्हान, पॅरोल-फर्लो (कैद्यांची सुट्टी), हेबियस कॉर्पस (बेकायदा डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा), पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत म्हणून रिट, निर्दोष सुटलेल्यांविरुद्ध सरकारची अपिलं, जन्मठेप झालेल्यांचे जामीन, आणि या सगळ्याच्या शेवटी जन्मठेपेची अपिलं फायनल हिअरिंगला. सकाळी साडेदहाला बसलेलं कोर्ट अर्जंट मॅटर संपवेपर्यंत दुपार होते. फायनल हिअरिंगला खऱ्या अर्थाने हात लागतो तो जेवणानंतर, तोही लागला तर. अशा बोर्डात फाशीची केस घुसली की एकतर ती रोज अर्धा-पाऊण तास अशी तुकड्या तुकड्याने चालवायची, म्हणजे मागचं विसरायला होतं, नाहीतर बाकी सगळं थांबवून दिवसेंदिवस तेच ऐकायचं.

रेल्वे फाटकावर कसं होतं, एक्सप्रेस जाणार म्हणून फाटक पडतं आणि मग दोन्ही बाजूला ट्रॅक्टर, एसटी, दवाखान्यात निघालेली रिक्षा सगळे उभे, तसं जन्मठेपवाल्यांचं होतं. त्यांच्यातला एखादा कोल्हापूरच्या कळंब्याला नाहीतर येरवड्याला सात-आठ वर्षं बसून आहे, त्याचं अपील दाखल करून घेतलंय, जामीन फेटाळलाय, पेपरबुक तयार आहे, नंबर लागत नाही. त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही की चॅनेलवर चर्चा होत नाही, रोज मरे त्याला कोण रडे. सुप्रीम कोर्टाने कश्मिरा सिंग केसमध्ये 1977 सालीच म्हटलं होतं की अपील वाजवी वेळेत ऐकता येत नसेल तर माणसाला आत ठेवायचं कशाच्या जोरावर, पाच-सहा वर्षांनी तो निर्दोष निघाला तर ती वर्षं कोण परत देणार. त्याला आता पन्नास वर्षं होत आली. माझ्याकडे येणाऱ्या बायका (बहुतेक वेळा आई किंवा बायकोच येते, भाऊ पहिल्या दोन वर्षांनंतर यायचे बंद होतात, हे माझं निरीक्षण) विचारतात, वकीलसाहेब आमची केस कधी बोर्डावर येणार, तर मी काय सांगू? तुमच्या पोराला फाशी झाली असती तर जरा लवकर आली असती असं सांगू? आणि तेही खरं नाही, कारण फाशीच्यासुद्धा येत नाहीत.

तेच आता सांगतो. उदाहरणं सगळी आपल्याच राज्यातली घेतो, तारखा सगळ्या जाहीर आहेत.

कसाबला स्पेशल कोर्टाने मे 2010 मध्ये फाशी दिली. हायकोर्टात ऑक्टोबर 2010 ला सुनावणी सुरू झाली, फेब्रुवारी 2011 मध्ये निकाल. साधारण चार महिने. पुण्याच्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खुनात मार्च 2012 ला फाशी झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हायकोर्टाने कायम केली. खैरलांजीच्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडात भंडाऱ्याच्या कोर्टाचा निकाल सप्टेंबर 2008 चा, नागपूर बेंचचा जुलै 2010 चा, तिथे सहाही जणांची फाशी 25 वर्षांच्या कैदेत बदलली. आता दुसरी बाजू बघा. मुंबईच्या शक्ती मिल गँगरेप केसमध्ये एप्रिल 2014 ला तिघांना फाशी, हायकोर्टाचा अंतिम निकाल नोव्हेंबर 2021 ला, फाशी रद्द होऊन जन्मठेप. मधे 2019 मध्ये ज्या कलमाखाली फाशी दिली ते कलमच घटनेत बसतं का यावर वेगळी सुनावणी आणि वेगळा निकाल. कोपर्डीत मुलीवर बलात्कार करून खून झाला ती घटना जुलै 2016 ची, नगरच्या कोर्टाने नोव्हेंबर 2017 मध्ये तिघांना फाशी दिली, म्हणजे सव्वा-दीड वर्षात खालचं कोर्ट मोकळं झालं, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि सप्टेंबर 2023 मध्ये त्यातला मुख्य आरोपी येरवड्यात मृतावस्थेत सापडला तेव्हा हायकोर्टातलं प्रकरण अजून पेंडिंगच होतं. सहा वर्षं होत आली होती. त्या मुलीच्या आईबापांना आपण काय दिलं याचा विचार करा.

आणि सगळ्यात मोठं, 11 जुलै 2006 चे लोकल ट्रेनमधले बॉम्बस्फोट. स्पेशल कोर्टाने सप्टेंबर 2015 मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. त्यानंतर हे प्रकरण हायकोर्टात या बेंचकडून त्या बेंचकडे फिरत राहिलं, कारण हे घ्यायचं म्हणजे पुढचे कित्येक महिने दुसरं काही घेता येणार नाही हे उघड होतं. फाशी झालेल्या पाचांतला एक 2021 मध्ये नागपूरच्या जेलमध्ये कोविडने गेला. शेवटी 2024 मध्ये या एकाच कामासाठी दोन न्यायमूर्तींचं स्पेशल बेंच बसवलं, जुलै 2024 पासून जानेवारी 2025 पर्यंत सुनावणी झाली आणि 21 जुलै 2025 ला 671 पानांचा निकाल आला, बाराच्या बारा जण निर्दोष. तीनच दिवसांनी सुप्रीम कोर्टाने तो निकाल दुसऱ्या केसमध्ये दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत जायला लावलं नाही, प्रकरण आता तिथे आहे. निकाल पटो न पटो, त्यावर मी इथे बोलत नाही. पण हिशोब लावा, प्रत्यक्ष ऐकायला लागले सहा-साडेसहा महिने आणि ऐकायला सुरुवात व्हायला लागली जवळपास नऊ वर्षं. स्फोटात माणसं गेलेल्या घरांनी ही नऊ वर्षं समजायचं काय, की न्याय झालाय? आणि आत बसलेल्यांनी काय समजायचं?

या सगळ्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की एक गोष्ट दिसते आणि माझं म्हणणं तेवढंच आहे. फाशीची केस ऐकायला वर्षं लागत नाहीत, महिने लागतात. वर्षं जातात ती बेंच मोकळं होण्याची वाट बघण्यात. दर काही आठवड्यांनी-महिन्यांनी रोस्टर (कुणी कुठल्या केसेस ऐकायच्या ती वाटणी) बदलतं, क्रिमिनल बघणारे न्यायमूर्ती सिव्हिलला जातात, कुणी नागपूरला, कुणी औरंगाबादला, कुणी गोव्याला, कुणाची बदली दुसऱ्या राज्यात, कुणी रिटायर. अर्धी ऐकलेली केस एकतर त्याच जोडीला खास बसवून संपवायची नाहीतर नव्या जोडीपुढे पहिल्यापासून. म्हणून कुठलंही बेंच मोठी कन्फर्मेशन घ्यायला बिचकतं आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, हातातल्या दोन महिन्यांत न संपणारं काम सुरू करून कोण ठेवेल.

यावर आमच्या बाररूममध्येसुद्धा लगेच एक उपाय सांगितला जातो, की एवढ्या अपिलांची गरजच काय, सेशन्सने फाशी दिली की एकच अपील ठेवा, दोन महिन्यांत संपवा. व्हॉट्सअ‍ॅपवर तर याहून पुढचं येतं ते लिहीत नाही. या लोकांनी 2003 सालचं नाशिकजवळचं प्रकरण वाचावं. एका शेतवस्तीवरच्या कुटुंबावर दरोडा, खून, बलात्कार, अतिशय घाणेरडा गुन्हा. भटक्या जमातीतल्या सहा जणांना नाशिकच्या कोर्टाने 2006 मध्ये फाशी दिली. हायकोर्टाने 2007 मध्ये तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप. सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये सहाही जणांना परत फाशी दिली. म्हणजे तीन कोर्टं झाली, संपलं. आणि 5 मार्च 2019 ला त्याच सुप्रीम कोर्टाने रिव्ह्यूमध्ये (फेरविचार अर्जात) सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी 5 लाख भरपाई द्यायला सांगितलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या फोटोंतून सुरुवातीला भलतेच चार जण ओळखले होते, ते कागद रेकॉर्डवरच होते, ओरडून सांगत होते, पण इतकी वर्षं त्यांचं वजन कुणी केलं नाही. सोळा वर्षं माणसं आत. यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे आधीच सिद्ध झालं होतं.

पुण्याचं 1994 चं हत्याकांड घ्या, एका घरातले सात जण मारले गेले होते. त्यात फाशी झालेला एक आरोपी घटनेच्या वेळी अवघा साडेबारा वर्षांचा होता हे सुप्रीम कोर्टाने मान्य केलं ते मार्च 2023 मध्ये, आणि 28 वर्षांहून जास्त जेल भोगून तो बाहेर आला. सेशन्स झालं, हायकोर्ट झालं, सुप्रीम कोर्ट झालं, वय कुणाला दिसलं नाही. तेव्हा अपिलं कमी करा म्हणणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. उलट घाईघाईत वाचलं की काय होतं त्याची ही दोन उदाहरणं आहेत, आणि घाई होते कारण बेंचवर लोड आहे. मी स्वतः फाशीच्या बाजूचा की विरोधातला असं कुणी विचारलं तर त्यावर चहा पिता पिता बोलू, हे पत्र त्यासाठी नाही. ज्याला फाशी हवीच आहे त्यालासुद्धा ती योग्य माणसालाच व्हावी असं वाटत असणारच ना.

अजून एक गंमत (गंमत कसली म्हणा). फाशीची केस हायकोर्टात एकदा येऊन जात नाही. वरती सुप्रीम कोर्टात कायम झाली, दयेचा अर्ज राज्यपालांकडे, राष्ट्रपतींकडे फेटाळला गेला, की मग उशीर झाला या मुद्द्यावर पुन्हा हायकोर्टात रिट. 2014 च्या शत्रुघ्न चौहान निकालाने दयेच्या अर्जावर विनाकारण उशीर झाला तर फाशी रद्द होऊ शकते हे पक्कं केलं. मघाशी म्हटलेल्या पुण्याच्या बीपीओ केसमध्ये राष्ट्रपतींनी मे 2017 मध्ये अर्ज फेटाळला, आणि फाशीची तारीख ठरली जून 2019 ची. मधली दोन वर्षं कागद इकडून तिकडे. जुलै 2019 मध्ये हायकोर्टाने उशिरामुळे फाशी रद्द करून 35 वर्षं कैद केली आणि डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं.

कोल्हापूरच्या गावित बहिणींचं तर त्याहून पुढचं. 2001 मध्ये कोल्हापूरला फाशी, 2004 मध्ये हायकोर्टात कायम, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टात कायम, आणि दयेच्या अर्जावर मंत्रालय-दिल्ली करत जवळपास आठ वर्षं गेली. उशीर झाला म्हणून त्यांनी 2014 मध्ये हायकोर्टात रिट केलं आणि त्या रिटचा निकाल लागला जानेवारी 2022 मध्ये! उशिराची तक्रार ऐकायलाच सात वर्षं. शेवटी फाशी रद्द, जन्मठेप. लहान पोरांना पळवून मारण्याचे इतके भयंकर गुन्हे, आणि एकाच केसने हायकोर्टाच्या डिव्हिजन बेंचचा वेळ दोनदा खाल्ला, दुसऱ्यांदा तर निव्वळ गृहखात्यातल्या टेबलांवर फाईल पडून राहिली म्हणून. हा लोड कोर्टाने तयार केलेला नाही, सरकारने तयार केलाय. डिसेंबर 2024 च्या त्याच निकालात सुप्रीम कोर्टाने प्रत्येक राज्याच्या गृहखात्यात नाहीतर कारागृह विभागात दयेच्या अर्जांसाठी वेगळा कक्ष ठेवायला सांगितलंय. तुमचे मंत्रालयातले वार्ताहर तिथे एक चक्कर मारून तो कक्ष कसा चालतो, तिथे कोण बसतं एवढं बघून आले तर छान बातमी होईल.

आता आमदार-खासदार मंडळींकडे वळतो. एखादी घटना घडली, लोक रस्त्यावर आले की पहिली घोषणा काय, कायदा कडक करू, फाशीची तरतूद आणू. 2018 मध्ये बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला फाशी आली, 2019 मध्ये पॉक्सोत (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात) आली, आता बीएनएसमध्ये (आयपीसीच्या जागी आलेल्या न्याय संहितेत) झुंडबळीला आहे, अठराखालच्या मुलीवरच्या गँगरेपला आहे. 2018 च्याच दुरुस्तीत लिहिलंय की बलात्काराच्या केसमधलं अपील सहा महिन्यांत निकाली काढायचं. आपल्या राज्याने त्यावर कडी केली, महिला-मुलांवरच्या गुन्ह्यांसाठीच्या शक्ती विधेयकाच्या मसुद्यात अपिलाला 45 दिवस! विधिमंडळाने डिसेंबर 2021 मध्ये एकमताने ते मंजूर केलं, राष्ट्रपतींची मंजुरी काही मिळाली नाही. 45 लिहा नाहीतर 15 लिहा, बेंच तेवढीच, भाषांतरकार तेवढेच, टायपिस्ट तेवढेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्तींची मंजूर पदं 94 आहेत आणि ती पूर्ण भरलेली मी तरी कधी बघितली नाहीत, आणि ही 94 महाराष्ट्र, गोवा, दादरा-नगर हवेली, दमण-दीव एवढ्या सगळ्याला मिळून. फास्ट ट्रॅक कोर्ट म्हणून जे काही उभं राहतं ते जिल्ह्यात. तिथून भराभर निघालेला माल वरती येऊन कुठे पडणार याचा विचार कुणी करत नाही.

आणि एवढं करून हाती काय लागतं तेही बघा. दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीतला प्रोजेक्ट 39ए दरवर्षी फाशीचे आकडे गोळा करून छापायचा. त्यांच्या हिशोबाने 2023 मध्ये देशभरातल्या सेशन्स कोर्टांनी 120 जणांना फाशी दिली आणि त्या अख्ख्या वर्षात हायकोर्टांनी मिळून कायम केली फक्त एकाची. वर्षअखेर 561 जण फाशीच्या शिक्षेखाली जेलमध्ये. म्हणजे खालच्या कोर्टात दिलेल्या बहुतेक फाशा वरती टिकतच नाहीत, जन्मठेप होते नाहीतर माणूस सुटतो नाहीतर परत खाली पाठवलं जातं. मग ज्या केसमध्ये शेवटी जन्मठेपच होणार आहे तिला फाशीचा शिक्का मारून वरती पाठवायचं कशाला? जिल्ह्याच्या जज साहेबांवर काय प्रेशर असतं हे मला माहितीये, बाहेर मोर्चा, गाव बंद, बार असोसिएशनचा ठराव की आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही (हा ठराव बेकायदा आहे हे सुप्रीम कोर्टाने सांगूनसुद्धा), आणि फाशी दिली नाही तर दुसऱ्या दिवशी पेपरात काय येणार. त्या पेपरात तुम्हीही आलात, राग मानू नका.

1980 च्या बच्चन सिंग निकालापासून नियम आहे की दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमध्येच फाशी, आणि आरोपीची बाजू, त्याचं घर, मानसिक स्थिती, सुधारणेची शक्यता हे सगळं तपासून. मे 2022 मध्ये मनोज केसमध्ये सुप्रीम कोर्टाने परत सांगितलं की हे रिपोर्ट, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरचा, जेलमधल्या वागणुकीचा, मानसोपचार तज्ज्ञाचा, खालच्या कोर्टातच मागवा. प्रत्यक्षात दोषी ठरवल्यावर शिक्षेवरचा युक्तिवाद दुसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी दुपारी, वकील म्हणतो आरोपी तरुण आहे, घरी म्हातारे आईबाप आहेत, दया करा, संपला युक्तिवाद. मग ते रिपोर्ट हायकोर्टाला मागवावे लागतात, जेल सुपरिटेंडेंटला पत्र, ससूनला नाहीतर ठाण्याच्या मनोरुग्णालयाला पत्र, स्मरणपत्र, अजून दोन तारखा. आणि ऑगस्ट 2025 मध्ये नागपूरच्याच एका जुन्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने असंही ठरवलं की मनोजचे नियम पाळले नसतील तर सगळे टप्पे संपलेल्या फाशीतसुद्धा शिक्षेचा प्रश्न परत उघडता येईल. म्हणजे खाली केलेली घाई वीस वर्षांनीसुद्धा वरती येऊन उभी राहणार.

काय करता येईल तर फार मोठं काही नाही, पैशाचं आणि इच्छेचं काम आहे. फाशीची शिक्षा होऊ शकते अशा खटल्यात साक्ष नोंदवली की लगेच तिचं भाषांतर जिल्ह्यातच करून ठेवायचं, निकालानंतर सुरुवात करायची नाही. त्यासाठी भाषांतरकारांची पदं भरायची, आणि मशीनने केलेलं भाषांतर वापरायचं तर खुशाल वापरा पण शेवटी माणसाने मूळ कागद समोर धरून तपासलेलं पाहिजे. मूळ कागद निकालाच्या दिवशीच नीट स्कॅन, समास न कापता. शिक्षेवरचे रिपोर्ट सेशन्समध्येच, त्यासाठी महिना गेला तरी चालेल. आणि हायकोर्टात कन्फर्मेशनसाठी असं बेंच जे रोस्टर बदललं तरी हलत नाही आणि ज्याच्या बोर्डावर सकाळचे अर्ज नाहीत. ट्रेन बॉम्बस्फोटात ते केलं तर नऊ वर्षं पडलेलं काम सहा महिन्यांत ऐकून झालं, मग ते एकाच केसपुरतं का? अर्थात असं बेंच काढायचं तर त्या दोन न्यायमूर्तींची जागा भरून द्यायला पाहिजे, नाहीतर माझ्या जन्मठेपवाल्यांचं फाटक उघडायचंच नाही.

आमच्याकडे ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, चाळीस-पन्नास वर्षांची मागणी होती, आंदोलनं झाली, आम्हाला आनंदच आहे, मुंबईच्या रात्रीच्या गाडीचे हेलपाटे वाचले. पण सुरुवात झाली ती एका डिव्हिजन बेंचवर आणि दोन सिंगलवर, आणि जिल्हे सहा: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. पीआयएल, रिट, जन्मठेपेची अपिलं, सगळं त्या एका डिव्हिजन बेंचपुढे. उद्या या सहातल्या एखाद्या जिल्ह्यात मोठ्या केसमध्ये दोन-तीन फाशा झाल्या आणि ते प्रकरण इथे ऐकायचं ठरलं तर बाकीच्या सगळ्यांनी किती महिने थांबायचं हे आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं. दुसरं डिव्हिजन बेंच आणि पुरेसा भाषांतर विभाग हे दोन्ही कोल्हापूरला इमारतीचं काम होईपर्यंत थांबवू नये, अशी विनंती मी या पत्रातून राज्याच्या विधी व न्याय विभागाला करतो.

आणि तुम्हाला एक विनंती. सेशन्सच्या फाशीची बातमी पहिल्या पानावर छापता तेव्हा खाली एक चौकट टाकत जा, याच जिल्ह्यातली आधीची फाशीची प्रकरणं हायकोर्टात किती वर्षांपासून आहेत आणि कोणत्या टप्प्यावर. केस नंबर टाकला की हायकोर्टाच्या वेबसाईटवर स्टेटस दिसतं, पाच मिनिटांचं काम आहे. कुणाला नंबर कसा शोधायचा माहीत नसेल तर मी दाखवायला तयार आहे, माझा फोन नंबर तुमच्या ऑफिसला या पत्रासोबत वेगळा दिलाय, तो छापू नका.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक वकील, सातारा